कन्नड न येणाऱ्या आईने चौथीतल्या मुलाचा अभ्यास कसा बघायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहतात. माहेर महाराष्ट्रातलं, चंदगडकडचं, दहावीपर्यंतचं शिक्षण तिकडेच मराठीतून झालेलं. नवरा गोव्यात कामाला, महिन्यातून एकदा घरी येतो. मुलगा गावच्या सरकारी मराठी शाळेत चौथीला आहे. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "तिसरीपर्यंत पोरगा उड्या मारत शाळेत जायचा, आता वह्या लपवतो. कन्नडची वही मला वाचता येत नाही. शाळेची सूचना कन्नडमधून आली तर शेजारच्या पोराकडून वाचून घेते. पालकसभेला जाते, मागं बसते, सही करून परत येते. जावेची मुलं पिवळ्या गाडीतून इंग्लिश मीडियमला जातात, सासूबाई रोज तेच काढतात, त्यांना काय सांगू? घरी आल्यावर पोराला काय विचारू? ट्युशन लावू, शाळा बदलू, का त्याला माहेरी ठेवू? आणि मी स्वतः त्याच्यासाठी नेमकं काय करायचं?"

ताई, मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या सरकारी मराठी शाळांत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. तुमच्यासारख्या आया शेकड्यांनी पाहिल्या. त्यांतल्या निम्म्याजणी माहेराहून मराठी शिकून आलेल्या आणि इथं आल्यावर पाट्या वाचता येईनात म्हणून एकदम अडाणी ठरलेल्या. म्हणून आधी हे सांगतो की तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी या वर्षी एकही करू नका. ट्युशन नको, शाळा बदलू नका, माहेरी तर मुळीच ठेवू नका. आधी त्याचं कुठं अडलंय ते शोधा. ते शोधायला कन्नड लागत नाही.

चौथीतच का बिघडलं, याचं कारण बहुतेक पालकांना कुणी सांगतच नाही. आपल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला नली-कली चालते. नली म्हणजे आनंद कर, कली म्हणजे शीक. १९९५ मध्ये म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात काही शिक्षकांनी हे सुरू केलं आणि पुढं ते राज्यभर पसरलं. तिन्ही वर्गांची मुलं एकत्र, जमिनीवर गोल करून बसतात. कार्डं असतात, भिंतीवर शिडीसारखा तक्ता असतो, ज्याचं झालं तो पुढच्या पायरीवर जातो. पद्धत चांगली आहे, मी स्वतः त्यात रमलो. पण चौथीला पोरगं एकदम बाकावर येतं. प्रत्येक विषयाचं जाड पुस्तक, प्रत्येकाची वेगळी वही, फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवून घेणं, वेळेत लिहिणं. तिसरीत ज्याचं जोडाक्षर कच्चं राहिलं त्याची तिथं फार फजिती होत नाही, कार्ड पुन्हा मिळतं. चौथीत फळा पुसला जातो. मग वही अर्धी राहते, अर्धी वही बाईंना दाखवायची लाज, घरी दाखवली तर मार, म्हणून वही गादीखाली. तुमचा मुलगा आळशी झालेला नाही, मागं पडलाय आणि ते लपवतोय.

किती मागं पडलाय ते पाहायचं तर असं करा. शेजारून दुसरीचं मराठीचं जुनं पुस्तक आणा. चौथीचं नको, दुसरीचंच. त्यातलं एक पान त्याला मोठ्यानं वाचायला लावा. परीक्षा घेतल्यासारखं नको, तुम्ही तांदूळ निवडत बसला असाल तेव्हा, सहज. अडखळला तर बोलू नका, फक्त कुठं अडखळला ते मनात ठेवा. जोडाक्षराला अडतो का, ओळ सोडून उडी मारतो का, का अक्षर अक्षर जुळवतो. मग गणित. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला द्या, समजा ७८४ ला ६ नं. २००५ पासून देशभर खेड्यांत फिरणारी 'असर' नावाची पाहणी नेमकं असंच पाहते: दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का आणि भागाकार येतो का. त्यांना हजारो स्वयंसेवक लागतात, तुम्हाला तांदूळ निवडायचं सूप पुरे.

यात त्याचं मराठी वाचन कच्चं निघालं (माझा अंदाज तसाच आहे) तर कन्नडची काळजी दोन महिने बाजूला ठेवा. घरची भाषा ज्याला सरळ वाचता येत नाही त्याला दुसरी कुठलीच लिपी बसत नाही. हे मी किती वेळा पाहिलं याची मोजदाद नाही. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचन, तेवढंच. वाचायला काय द्यायचं? वर्तमानपत्रातला यात्रेचा बातमीवजा मजकूर, लग्नपत्रिका, गणपतीच्या वर्गणीचं पत्रक, काहीही. वडील गोव्याहून रात्री फोन करतात ना? त्यांना "अभ्यास केलास का?" हा प्रश्न बंद करायला सांगा, त्याचं उत्तर जगात कुठलंही पोरगं "व्हय" असंच देतं. त्याऐवजी फोनवर एक पान वाचून दाखव म्हणावं. वडिलांना तेवढाच पोराचा आवाज, पोराला ऐकणारं माणूस.

आता कन्नड. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी भीती इथं आहे.

कन्नड टळणारं नाही. राज्याचा २०१५ चा कायदा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक शाळेत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते, २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्यानं ते लागू झालं. यामागचं सीमाभागातलं राजकारण तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. मोर्चात मीही गेलोय. पण वर्गात बसलेल्या पोराला राजकारणाशी देणंघेणं नसतं. कन्नड नकोच असं घरी रोज ऐकणारी मुलं कन्नडात नापास होतात आणि मग मराठी शाळेचंच नाव खराब होतं, एवढं मी शिक्षक म्हणून सांगू शकतो.

तुम्ही त्याच्याबरोबर कन्नड अक्षरं शिका. हसू नका. चाळिशीतल्या बायका माझ्यासमोर शिकल्यात, तुम्ही तर दहावी झालेल्या. कन्नडची अक्षरमाला आपल्याच क्रमानं चालते: अ आ इ ई, क ख ग घ, च छ ज झ. हिंदीत नसलेला ळ तिथंही आहे. म्हणजे नवा क्रम पाठ करायचा नाही, फक्त नवे आकार. दोनच ठिकाणी मराठी माणूस घसरतो. एक, त्यांच्यात ए दोन आणि ओ दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. आपल्या कानाला तो फरक जाणवत नाही म्हणून मराठी मुलं तिथं सतत चुकतात आणि बाईंना वाटतं पोरगं लक्ष देत नाही. दोन, जोडाक्षर. आपण अर्धं अक्षर काढून पुढच्याला चिकटवतो. कन्नडात पहिलं अक्षर पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या खाली छोटं होऊन बसतं. एवढं त्याला नीट दाखवलंत तर निम्मी लढाई झाली. शिरोरेघ नाही, तिच्या जागी अक्षराच्या डोक्यावर छोटा तुरा असतो, त्याची सवय आठवड्यात होते.

पुस्तकातून शिकू नका. बसच्या पाटीवरून शिका. स्टॉपवर उभं राहिल्यावर येणाऱ्या गाडीची पाटी कोण आधी वाचतं, अशी पैज लावा. खानापूर, नंदगड, लोंढा, बेळगावी. गाव माहीत असल्यामुळे अक्षर आपोआप जुळतं: लोंढ्यातला ल एकदा ओळखला की दुकानाच्या पाटीवर तोच दिसतो. मग हेस्कॉमचं लाईट बिल. मग रेशन दुकानातला फलक. मग शेताचा उतारा, त्यावर आजोबांचं नाव कुठं आहे ते शोधून काढ म्हणावं. आमच्या शाळेतल्या एका पोरानं असं करताना उताऱ्यावर आजोबांचं नावच चुकीचं पडलेलं शोधून काढलं. पंचवीस वर्षं घरात कुणाला कळलं नव्हतं. त्या घरात त्या दिवसापासून पोराचा मान वाढला, आणि कन्नडचाही.

शब्दांची गंमतही करा. आपलं तूप त्यांचं तुप्प, अक्का आणि अण्णा तर दोन्हीकडे तेच. आणि 'मग' म्हणजे आपल्याकडे 'नंतर', तिकडे 'मुलगा'. तुम्ही "मग?" म्हणालात की त्यानं "काय गे आई?" म्हणायचं. असले विनोद पोरांना वर्षभर पुरतात. आणि तो तुम्हाला शिकवतोय, ही गोष्टच महत्त्वाची आहे. ज्याची वही अर्धी राहते त्याला घरी मास्तर व्हायला मिळालं की तो वह्या लपवायचं हळूहळू सोडतो.

घरी काय विचारायचं, हाही तुमचा प्रश्न होता. "आज काय शिकवलं?" विचारलं की उत्तर येतं "काय नाही". त्याऐवजी "आज बाईंनी कुणाला रागावलं?", "फळ्यावर गणित करायला कोण गेलं, ते कसं केलं मला दाखव", "आज दुपारी सांबारात काय होतं?" असं विचारा. जेवणापासून बोलणं सुरू होऊ दे, ते आपोआप वर्गात शिरतं. मी बेळगाव तालुक्यात असताना एक आजी होती, अक्षरशत्रू. नात शाळेतून आली की पाणी देऊन समोर बसायची, "सांग गे, आज काय झालं?" आणि नात सगळा दिवस सांगायची. एकदा ही आजी माझ्याकडे येऊन तक्रार करते, "मास्तर, काल कोल्ह्याची गोष्ट अर्धीच का ठेवलासा? पोरगी रातभर विचारत्या पुढं काय झालं." मी घाबरलो. अर्ध्या सोडलेल्या गोष्टीचा जाब विचारायला माणूस येतोय म्हटल्यावर मी तरी दुसऱ्या दिवशी गोष्ट पुरी न करता राहतोय होय? त्या मुलीच्या घरात पुस्तक नव्हतं, दिवा मिणमिणता, आणि तरी वर्गात तिच्यासारखं सलग, क्रमानं सांगणारं कुणी नव्हतं.

गृहपाठ तुम्ही करून देऊ नका. चित्रं, चार्ट, थर्माकोलचे किल्ले आईच्या हातचे लगेच ओळखू येतात. बाजार आणि डेअरी मात्र सोडू नका. दुधाची चिठ्ठी त्याच्या हातात द्या: लिटर, फॅट, दर. पंधरा दिवसांची बेरीज त्यानं करायची आणि डेअरीचा हिशेब जुळतो का ते पाहायचं. बचत गटाचं पुस्तकही चालेल. यावर अधिक सांगायची गरज नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मागं बसून सही करून येणं, यावर मात्र मला माझ्याच चुका आधी सांगितल्या पाहिजेत.

नोकरीच्या सुरुवातीला मी पालकांना बोलवायचो ते फक्त तक्रार सांगायला. एकदा एका रताळी करणाऱ्या शेतकऱ्याला काढणीच्या दिवसांत शेतातून बोलावून घेतलं, पोरगा पाढे पाठ करत नाही म्हणून सांगितलं. त्यानं शाळेच्या दारातच पोराला बडवलं आणि शेताकडे गेला. पोरगा आठ दिवस शाळेला आला नाही. त्या दोघांच्यात जे झालं त्याला कारण मी होतो. पुढं मी नियम केला, पहिला निरोप कौतुकाचा. पण सगळे शिक्षक तसं करतील असं नाही. म्हणून तुम्ही बोलावण्याची वाट पाहू नका. सभा नसलेल्या दिवशी जा. सकाळी परिपाठाच्या आधी नको, तेव्हा शिक्षक हजेरी, दूध, प्रार्थना यात गुंतलेले असतात. शाळा सुटायच्या वेळी जा, पाच मिनिटं. एकच प्रश्न घेऊन जा: "बाई, तो वाचताना जोडाक्षराला अडतोय, वर्गात तुम्हाला काय दिसतंय?" असा नेमका प्रश्न आला की शिक्षक सावध होतो. "आमचं पोरगं कसं हाय?" म्हटलं की "बरं आहे, लक्ष द्या" हेच उत्तर मिळणार, मीही तेच द्यायचो.

वर्षात चार घटक चाचण्या असतात, एफए म्हणतात त्यांना, आणि दोन सत्र परीक्षा, एसए. चाचणीनंतर त्याचा पेपर पाहायला मागा. गुण नको, पेपर. चूक कुठल्या प्रकारची आहे ते पेपरात दिसतं, गुणपत्रिकेत दिसत नाही. कन्नडचा पेपर असेल तर बाईंनाच विचारा, "यात अक्षर चुकलंय का अर्थ?" दोन्हींचा इलाज वेगळा असतो.

तुम्हाला कन्नडमधून सूचना येते, ती चूक तुमची नाही. मराठी शाळा आहे, शिक्षक मराठी आहेत, वरून आलेलं परिपत्रक कन्नडात असलं तरी पालकांना त्यातलं चार ओळींत मराठीतून सांगायला काहीच हरकत नसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांनी आवाज रेकॉर्ड करून टाकला तरी पुरतं. हे तुम्ही एकट्यानं न मागता चारजणींनी मिळून मागा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं राज्यघटनेचं ३५० अ कलम सांगतं, आणि हे कलम घटनेत आलं तेच १९५६ ला, ज्या वर्षी आपल्याला मुंबई राज्यातून काढून इकडं टाकलं. पण शाळेच्या दारात कलमं घेऊन जायची गरज पडत नाही. चार आया एकत्र दिसल्या की पुरतं.

यापुढची पायरी म्हणजे शाळा सुधारणा समिती, जिला सगळे एसडीएमसी म्हणतात. कर्नाटकात ती २००१ पासून आहे. नंतर शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात तर स्पष्ट लिहिलंय की अशा समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक असली पाहिजेत आणि निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतला असतो, मुख्याध्यापक फक्त सचिव. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेल्या पैशावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम आहे. कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण मीच केलंय. महिन्याची बैठक होत नसे. मी ठराव आधी लिहून ठेवायचो आणि सातवीच्या पोराकडे रजिस्टर देऊन घरोघरी सह्या आणायचो. सगळे करायचे. एका घरी एका बाईनं पोराला परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आली. म्हणाली, "वाचून दाखवा, मग अंगठा देतो." मी वाचलं. त्यात पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च होता. तिनं विचारलं, "टाकी दुरुस्त झाली तर पोरं अजून घरची बाटली का न्यायलेत?" पैसे कुणी खाल्ले नव्हते, टाकी खरंच दुरुस्त झाली होती, पण नळाचं कनेक्शन राहिलं होतं आणि ते माझ्या ध्यानात नव्हतं. लाज वाटली. पुढच्या महिन्यापासून बैठक मी संध्याकाळी सातला घेऊ लागलो, शेतातून माणसं परत आल्यावर, देवळाच्या कट्ट्यावर. तिथं बायका बोलायच्या. शाळेच्या खोलीत बोलत नसत.

म्हणून तुम्हाला सांगतो, मागं बसा पण सहीआधी "काय लिहिलंय ते मराठीत वाचा" एवढं एक वाक्य म्हणा. पहिल्यांदा सगळे वळून बघतील. तिसऱ्या वेळेला दुसरं कुणीतरी तुमच्या आधी म्हणेल. आणि समितीची निवड होईल तेव्हा नाव द्या. गावात पार्ट्या असतात, अध्यक्षपदाला त्या नाचतात. त्या भांडणात पडू नका, सदस्य होणं पुरे. शिक्षक कमी असेल, कन्नडचे अतिथी शिक्षक जूनऐवजी ऑगस्टमध्ये येत असतील, तर एकट्या पालकाच्या अर्जाला कुणी विचारत नाही. समितीचा ठराव, त्याची प्रत आणि क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिल्याची पोच, हे तिन्ही हातात असेल तर फाईल हलते. लगेच हलते असं नाही. पण पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं होतं. बेळगाव किंवा खानापूरला जायचं तर बसचं तिकीटही पडत नाही आता, जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट प्रवास आहे. शक्ती योजनेचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पिवळ्या गाडीचं काय, हे सासूबाईंना काय सांगू असं विचारलंत. सासूबाईंना आधी चहा द्या. माध्यम कुठलं घ्यायचं हा निर्णय पालकांचा आहे, सरकारचाही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात तसं सांगितलंय. तेव्हा जावेला दोष देऊ नका. फक्त एक हिशेब दाखवा. इंग्लिश मीडियमच्या बहुतेक शाळांत इंग्रजी पहिली, कन्नड दुसरी आणि हिंदी तिसरी भाषा असते. मराठी वेळापत्रकातच नसते. म्हणजे तिथं गेलं म्हणून कन्नड सुटत नाही, सुटते ती मराठी. पोरगं घरी मराठी बोलेल, पण आजोबांनी लिहिलेली चिठ्ठी त्याला अक्षर लावून वाचावी लागेल. आणि तुम्हाला त्याच्या पुस्तकातला एकही विषय कळणार नाही, आज निदान मराठी आणि गणित तरी कळतं. माझा स्वतःचा मुलगा मी शहरातल्या इंग्लिश मीडियमला घातला होता. सरकारी मराठी शाळेचा मास्तर आणि त्याचं पोरगं तिकडे, गावात लोक तोंडावर बोलायचे. तो शिकला, चांगला नोकरीला आहे. पण चौथी ते सातवी तो शाळेत काय करतो हे मला माहीत नव्हतं. फी भरली की माझं काम झालं असं मी समजत होतो. दुसऱ्यांच्या पोरांची वही रोज पाहणारा माणूस, घरच्या पोराची वही वर्षातून दोनदा पाहायचो. तुम्ही तुमच्या मुलाच्या लपवलेल्या वह्या शोधून काढल्यात, त्या अर्थी माझ्यापेक्षा पुढं आहात.

ट्युशनबद्दल दोन ओळी. चौथीच्या मुलाला गावातल्या ट्युशनमध्ये गाईडमधली उत्तरं वहीत उतरवून घेतात. अर्धी वही पूर्ण होते, अडलेलं जोडाक्षर तसंच राहतं. आठवी-नववीला गणितासाठी लागली तर बघू.

थोडं पुढचंही सांगून ठेवतो. तुमच्या गावची शाळा पाचवीपर्यंतच असेल, तर सहावीला दुसऱ्या गावी जावं लागणार, आणि आपल्याकडे हायस्कूल आठवीपासून. मराठी शाळा सुटते ती या दोन उंबरठ्यांवर, अभ्यास कठीण म्हणून नव्हे, सकाळची बस शाळेच्या वेळेला नाही म्हणून. पाचवीत असतानाच गावच्या सगळ्या पालकांनी मिळून बसच्या वेळेसाठी आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या. आठवीत गेल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. आणि एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीच्या परीक्षेला, पहिल्या भाषेला १२५ गुण असतात, बाकी विषयांना १००. मराठी माध्यमाच्या मुलाची पहिली भाषा मराठी, म्हणजे सगळ्यांत जास्त गुणांचा विषय त्याच्या आईच्या भाषेतला. आज रोज दहा मिनिटं वाचून घेताय त्याचा हिशेब तेव्हा लागतो. त्यातले २५ गुण वर्षभरातल्या शाळेतल्या कामाचे असतात, हेही नववी-दहावीच्या पालकांना उशिरा कळतं.

माहेरी ठेवू का, हा तुमचा प्रश्न राहिला. नको. तिकडे आजोळी लाड होतील, पण राज्य बदललं की पुस्तकं बदलतात, दाखल्याचे कागद बदलतात, आणि दोन वर्षांनी परत आणलंत तर कन्नड पुन्हा पहिल्या अक्षरापासून. मी अशी मुलं सहावीत घेतली आहेत. हुशार असायची आणि कन्नडच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची.

पण माहेराशी जोडलेली एक गोष्ट आहे, ती तुम्ही विचारली नाही तरी सांगतो, कारण तुमच्या भागात हजेरी सगळ्यांत जास्त तिथं बुडते. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्यांना दिवाळीला. तुमच्या भावाची मुलं दिवाळीत मोकळी असतात म्हणून तुम्ही आठ-दहा दिवस तिकडे जाता. इकडे तेव्हा दसऱ्यानंतरचं सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, नवे धडे, नवं गणित. परत येईपर्यंत भागाकाराचा पाठ होऊन गेलेला असतो, आणि पुन्हा वही अर्धी. यंदा उलटं करा. दसऱ्याच्या सुट्टीत आठवडाभर चंदगडला जाऊन या, भाताची कामं अंगावर यायच्या आधी. दिवाळीला भावालाच इकडे बोलवा. भाऊबीज तुमच्या घरी होऊ दे. आणि येताना भावाच्या मुलांची दुसरी-तिसरीची जुनी मराठी पुस्तकं घेऊन यायला सांगा.